वैमानिकाला न दिसणारी उखळी तोफ

(ज्यांचं नेटवर्क बोगद्यात गेलं आणि भाग अर्धाच ऐकून झाला, त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर. बोलताना मध्ये मध्ये येणारे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, याला सुट्टीच्या दिवशी दुसरं काही सुचत नाही का. खरंच सुचत नाही. दिवसभर ऑफिसमध्ये पेमेंटचा कोड लिहायचा आणि रात्री दहानंतर दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवायची, हा माझा कॉलेजपासूनचा छंद. मागच्या वर्षी आम्ही चार मित्रांनी मिळून एक उद्योग केला. विमानांच्या गेममध्ये उखळी तोफ टाकली. इंग्रजीत मॉर्टर म्हणतात ती.

आता तुम्ही विचाराल, विमानाच्या गेममध्ये जमिनीवरच्या तोफेचं काय काम? आमच्या ग्रुपवरही पहिला प्रश्न हाच आला होता. आणि खरं सांगतो, उत्तर मला तेव्हा नीट येत नव्हतं. ते कसं सापडलं, त्याचीच ही गोष्ट.

आधी गेमबद्दल

'इल-२ स्टुर्मोविक' नावाचा गेम २००१ साली रशियातून आला. इल-२ हे सोव्हिएत विमान, जमिनीवरच्या रणगाड्यांवर आणि तोफांवर खालून उडत हल्ला करणारं. पुढे २००६ मध्ये त्याची '१९४६' नावाची मोठी आवृत्ती आली. शेकडो विमानं, आणि आजही साध्या लॅपटॉपवर चालतो. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे या गेमच्या आतलं बरंचसं लॉजिक जावामध्ये लिहिलंय. त्यामुळे जगभरातले हौशी लोक इतकी वर्षं त्यात नवीन विमानं, जहाजं, नकाशे घालत आलेत. यालाच मॉड म्हणतात. इंजिनिअरिंगला जावा शिकताना जो कंटाळा केला होता, तो इथे भरून निघाला.

पण या गेममध्ये एक गंमत आहे. आकाश खचाखच भरलेलं. कुठल्या विमानाच्या पंखात किती गोळ्या, इंजिन किती तापलं की बंद पडतं, सगळं आहे. आणि जमिनीवर? रणगाडे, ट्रक, विमानविरोधी तोफा, आगगाड्या. म्हणजे वरून दिसणाऱ्या आणि वरून उडवायला मजा येणाऱ्या वस्तू. पायदळ मात्र नावापुरतं. ज्या माणसांसाठी ही विमानं उडत होती, ती माणसंच नाहीत.

म्हटलं, चला, पायदळाची तोफ टाकूया.

उखळी तोफ म्हणजे नक्की काय?

नाव मराठीत इतकं चपखल आहे की वेगळं समजवायची गरज नाही. उखळासारखं वर तोंड करून ठेवलेलं नळकांडं. तोंडातून गोळा आत सोडायचा. तो घसरत तळाशी जातो, तिथल्या खिळ्यावर आपटतो, गोळ्याच्या शेपटीतली दारू पेटते आणि गोळा आला त्याच वाटेने आकाशात जातो. झालं. धक्का झेलायला मोठी यंत्रणा नाही. खाली एक जाड लोखंडी थाळी असते, सगळा धक्का ती जमिनीत सोडते.

आधुनिक रूपातली ही तोफ ब्रिटनच्या विल्फ्रेड स्टोक्स यांनी १९१५ मध्ये बनवली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्सच्या ब्रँट कंपनीने ती सुधारली आणि मग अमेरिका, सोव्हिएत रशिया, जवळजवळ सगळ्यांनीच तो नमुना उचलला. आम्ही निवडली जर्मन पायदळाची ८ सेंटिमीटरची 'ग्रानाटव्हेर्फर ३४'. वजन साधारण ६२ किलो, तीन तुकड्यांत सुटते, तीन माणसं खांद्यावर घेऊन चालू शकतात. गोळा साडेतीन किलोचा. नळीतून बाहेर पडताना वेग सेकंदाला १७४ मीटर. पल्ला २,४०० मीटरच्या आसपास. आणि सरावलेली टोळी मिनिटाला १५ ते २५ गोळे सोडू शकते.

हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

अकरा अंशांची चूक

पहिली आवृत्ती मी एका वीकेंडला लिहिली. सेनिओ नावाच्या नदीचा तुकडा बनवला होता, इटलीतला. ती नदी का, ते पुढे सांगतो. नदीच्या दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले उंच बांध. बांधामागे तीन उखळी तोफा ठेवल्या, नदीपलीकडे १,२०० मीटरवर लक्ष्य ठेवलं, आणि चालू केलं.

धाड, धाड, धाड. तीन स्फोट. तीनही आमच्याच बांधावर. तोफा गायब, टोळ्या गायब. शत्रूला हातही हलवावा लागला नाही.

दोन रात्री मी बांधाची उंची तपासत बसलो. तिसऱ्या रात्री कॅमेरा तोफेजवळ नेला आणि डोक्यावर हात मारला. तोफेची नळी जवळजवळ आडवी! रस्त्यावर पाण्याचा पाइप टाकावा तशी.

झालं असं होतं. अकरावीच्या फिजिक्समधला प्रोजेक्टाइल आठवतोय? गोळा ठरावीक वेगाने सोडला, तर एखाद्या अंतरावर तो पडण्यासाठी दोन कोन असतात. एक खालचा, एक वरचा. हवा नाही असं धरलं तर आमच्या तोफेला १,२०० मीटरसाठी साधारण ११ अंश चालतात, आणि ७९ अंशही चालतात. दोन्ही गोळे एकाच जागी पडतात. खालच्या कोनाने सात सेकंदांत, वरच्या कोनाने जवळपास पस्तीस सेकंदांत.

मी कोडमध्ये सरळ साइनचं उलटं फंक्शन वापरलं होतं. ते फंक्शन नेहमी लहान कोनच परत देतं. साध्या तोफेला तो बरोबर आहे, म्हणून आधी कधी अडलंच नव्हतं. पण उखळी तोफ ४५ अंशांच्या खाली चालतच नाही. ११ अंशांवर ठेवलेल्या नळीत खरा गोळा घसरणार तरी कसा? १८० मधून वजा करायची एक ओळ घातली आणि नळ्या आकाशाकडे वळल्या.

एका ओळीचा बग. पण त्या ओळीने मला ही तोफ का अस्तित्वात आली ते शिकवलं. बांधाच्या, भिंतीच्या, टेकडीच्या मागे बसून, स्वतः न दिसता, पलीकडच्या खड्ड्यातल्या माणसावर वरून गोळा टाकायचा. सरळ गोळीपासून वाचायला माणूस खड्ड्यात बसतो. उखळी तोफ त्या खड्ड्यातच गोळा टाकते. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं आपण सहज म्हणतो. खंदकातल्या माणसाला तसं म्हणायची सोय नव्हती.

हवेतले साठ गोळे

कोन बरोबर झाला आणि गेम रांगायला लागला.

हिशेब बघा. गोळा हवेत अर्धा मिनिट. मिनिटाला २० गोळे धरले, तर पहिला गोळा जमिनीवर पडायच्या आत एकाच तोफेचे दहा गोळे हवेत. सहा तोफा लावल्या की साठ. आणि गेम प्रत्येक गोळ्याची जागा सेकंदात कित्येक वेळा मोजतोय, तो कशाला धडकतोय का ते बघतोय. विमानाच्या गोळ्या दोन-तीन सेकंदांत संपतात, हे गोळे संपतच नाहीत. माझ्या लॅपटॉपचा पंखा एसटी घाट चढताना ओरडते तसा ओरडत होता.

मग जे ऑफिसमध्ये करतो तेच केलं. गोळा सुटला त्या क्षणीच तो कुठे आणि किती सेकंदांनी पडणार ते मोजायचं, थोडी चूक मिसळायची, कारण खरे गोळे एकाच जागी पडत नाहीत, आणि ती नोंद रांगेत टाकून द्यायची. वेळ आली की तिथे स्फोट. मधला प्रवास दाखवायचाच नाही. खरं तर तो गोळा दीड किलोमीटरपर्यंत वर जातो, म्हणजे एखाद्या विमानाला वाटेत लागूही शकतो. पण ती शक्यता इतकी कमी की सोडून दिली. सिम्युलेटर म्हणजे काय सोडायचं याचा निर्णय. सगळं मोजणारा गेम चालतच नाही.

इथपर्यंत मी खूश होतो. आणि इथेच खरी चूक केली.

दोन पिक्सेलची तोफ

टेस्टिंगला मित्रांना दिलं. नाशिकचा एक मित्र अर्ध्या तासात परत आला. म्हणाला, "अरे, तोफा आहेत कुठे? तीनदा उडून आलो, एक दिसली नाही."

बरोबरच होतं त्याचं. त्या तोफेची नळी १ मीटर १४ सेंटिमीटर लांब. एक किलोमीटरवरून साध्या स्क्रीनवर ती जेमतेम दोन पिक्सेलची दिसते. विमान ताशी ४०० किलोमीटरने जातंय, म्हणजे गोळा नळीतून सुटून जमिनीवर पडेपर्यंत विमान तीन किलोमीटर पुढे निघून गेलेलं. स्फोट दिसतो, पण तो जिथे गोळा पडला तिथे. तोफ कुठे आहे याचा पत्ताच नाही.

ग्रुपवर चर्चा झाली. "दिसत नसेल तर टाकायची कशाला?" "लाल खूण लाव वर." "निदान धूर मोठा कर."

मी धूर मोठा केला. मोठ्या हॉवित्झर तोफेचा जाळ आणि धुराचा लोट होता, तो उचलून इथे लावला. आता प्रत्येक गोळ्याला आगीचा भपका, लांबून दिसणारा. सगळे खूश. सूर मारा, बॉम्ब टाका, सहा तोफा खलास, गुण मिळवा. पाच मिनिटांत नदी मोकळी. त्या आठवड्यात आमचं मिशन सगळ्यात जास्त खेळलं गेलं.

मलाही आवडलं. उगाच खोटं कशाला बोलू.

सेनिओ का?

आता ती नदी. माझं आजोळ माणगावकडे. लहानपणापासून तिथल्या तहसील कचेरीसमोरचा पुतळा बघितलेला. यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, इटलीत १० जुलै १९४४ रोजी लढताना गेले. एसटी थांबायची, आम्ही काकडी घ्यायचो, आणि पुतळ्याकडे बघून पुढे जायचो. इटली कुठे आणि माणगाव कुठे, हा प्रश्न कधी पडला नाही.

मॉडसाठी जागा शोधताना तो आठवला. वाचायला लागलो आणि त्याच रेजिमेंटचे दुसरे व्हिक्टोरिया क्रॉस सापडले. नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. तारीख ९ एप्रिल १९४५, जागा सेनिओ नदी. म्हणून ती नदी.

मिशन बनवताना मी फक्त जागा आणि तारीख उचलली होती. त्या दिवशी काय झालं ते नीट वाचलं, ते मिशन हिट झाल्यानंतर.

त्या दुपारी ८०० हून जास्त जड बॉम्बर विमानांनी सेनिओच्या पलीकडे बॉम्ब टाकले. त्यानंतर मध्यम बॉम्बर, मग फायटर-बॉम्बर. मग संध्याकाळपर्यंत तोफखान्याचा मारा, थांबून थांबून, पाच फेऱ्या, मध्ये परत विमानं. माझ्या गेममध्ये एवढं आणलं असतं तर लॅपटॉप पेटला असता.

आणि संध्याकाळी पायदळ पाण्यात उतरलं, तेव्हा पलीकडच्या बांधातल्या मशीनगन चालूच होत्या.

नामदेव जाधव कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप्या. त्यांच्याबरोबरची छोटी तुकडी तीन मशीनगनच्या माऱ्यात जवळजवळ संपली. त्यांनी दोन जखमींना, एकेक करून, खोल पाण्यातून, उभ्या चढाच्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग परत पलीकडे गेले. एकट्याने त्या मशीनगन बंद पाडल्या. हाताला जखम झाली, टॉमीगन धरता येईना, तर हातबॉम्ब वापरले. आणि शेवटी बांधावर उभं राहून मराठा रणघोषणा देत बाकीच्यांना पलीकडे यायला हात केला. त्या वेळी आजूबाजूला उखळी तोफांचे गोळे पडत होते.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

आठशे विमानं येऊन गेल्यावरसुद्धा त्या तोफा जिवंत होत्या. का? कारण त्या दोन पिक्सेलच्या होत्या. बांधामागे, खड्ड्यात, झाडाखाली. जाळ नाही, धुराचा लोट नाही. आणि मी काय केलं होतं? त्यांना हॉवित्झरचा धूर लावून पाच मिनिटांत उडवता येतील अशा केल्या होत्या. माझा गेम सांगत होता की वैमानिकाने ठरवलं असतं तर नदी मोकळी करून दिली असती. मग तो माणूस त्या बांधावर कशासाठी उभा होता?

मला वाईट वाटलं. एका मॉडसाठी वाईट वाटणं जरा अतीच आहे, मान्य. पण वाटलं.

धूर काढला

त्या रात्री मोठा धूर काढून टाकला. ग्रुपवर लिहिलं, "आता दिसणार नाहीत. कारण दिसत नव्हत्या." अपेक्षेप्रमाणे शिव्या पडल्या. दोघांनी मिशन खेळणं सोडलं. म्युनिकमध्ये राहणाऱ्या आमच्या मित्राने मात्र बरोबर मुद्दा काढला. तो म्हणाला, "खरं आहे, पण मग खऱ्या वैमानिकाने केलं काय? नुसता फिरून घरी गेला का?"

याचं उत्तर शोधायला पुन्हा वाचन. इटलीतच एक पद्धत तयार झाली होती. जमिनीवर, पायदळाच्या अगदी जवळ, रेडिओ घेऊन एक वायुदलाचा अधिकारी बसायचा. या पथकाचं नाव 'रोव्हर डेव्हिड'. वर काही फायटर-बॉम्बर घिरट्या घालत थांबायची. त्याला म्हणायचे 'कॅब रँक', म्हणजे आपला रिक्षा स्टँड. खालून निरोप आला की रांगेतलं विमान यायचं. आणि लक्ष्य कुठे आहे ते दाखवायला खालून रंगीत धुराचे गोळे टाकले जायचे.

म्हणजे वैमानिकाला तोफ दिसत नव्हतीच. त्याला खालच्या माणसाने दाखवलेला धूर दिसायचा.

मग आम्ही तेच केलं. अलीकडच्या काठावर आपल्या बाजूची ब्रिटिश ३ इंची उखळी तोफ ठेवली, धुराचा गोळा टाकणारी. रेडिओवर निरोप येतो, चौकोनाचा नंबर येतो, पलीकडे धूर उठतो. तुम्ही स्पिटफायर घेऊन त्या धुराच्या आसपास बॉम्ब टाकायचा. तोफ उडाली की नाही ते कळणार नाही. गुणांचा आकडा पण काढून टाकला.

त्याऐवजी एकच गोष्ट मोजतो. जवळ बॉम्ब पडला की टोळी डोकं खाली घालते आणि काही मिनिटं गोळे थांबतात. मेली म्हणून नाही, घाबरली म्हणून. तेवढ्या वेळात नदीतून किती माणसं पलीकडे गेली, ते मोजतो. वरून ती माणसं दिसत नाहीत. मिशन संपल्यावर फक्त एक ओळ येते, इतके पलीकडे पोचले.

मग काय झालं?

नाशिकचा मित्र, तोच, पहिल्यांदा नवीन आवृत्ती खेळला. वीस मिनिटं घिरट्या घातल्या, दोनदा निरोप आला, दोनदा बॉम्ब टाकले. त्याला एकही तोफ दिसली नाही. शेवटी ओळ आली. त्याने तिचा स्क्रीनशॉट टाकला आणि खाली लिहिलं, "कमी आहेत. परत खेळतो."

आधीच्या आवृत्तीत असं कोणी म्हटलं नव्हतं. तेव्हा सगळे स्वतःचे गुण टाकायचे.

आमचं मिशन आता पहिल्यासारखं हिट नाही. खेळणारे थोडे आहेत. चालायचंच. मला सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. विमानाच्या गेममध्ये उखळी तोफ कशाला? वैमानिकाला ती दिसावी म्हणून नाही. ती दिसत नसतानाही खाली कुणीतरी तिच्याखाली चालतंय, हे कॉकपिटमध्ये बसलेल्याला कळावं म्हणून.

तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांना एवढंच सांगेन. एखादी गोष्ट स्क्रीनवर दिसत नाही म्हणून ती यादीतून काढायच्या आधी, ती कुणाच्या डोक्यावर पडतेय ते एकदा बघा. ऑफिसच्या कोडमध्येही हे लागू पडतं. माझ्या पेमेंटच्या सिस्टिममध्ये अडकलेला व्यवहार आमच्या डॅशबोर्डवर एक बारीक ठिपका असतो. तिकडे कुणीतरी मेडिकलच्या दुकानात उभं असतं.

आणि हो, कधी माणगावहून जाणं झालं, तर तहसील कचेरीसमोर दोन मिनिटं थांबा. काकडी नंतर घ्या.

पुढच्या भागात जहाजांबद्दल बोलू. तोपर्यंत प्रश्न असतील तर पाठवा, खालचा कोन आणि वरचा कोन कुणाला कागदावर करून बघायचा असेल तर तेही पाठवा, मी तपासून देतो. भेटूया!